नारिंगी टॉन्सिल्स आणि पेशीचे मागचे दार

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यालगत, चेसापीक उपसागरात टँजियर नावाचे एक चिमुकले बेट आहे. खेकडे आणि कालवे पकडून जगणारी वस्ती, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी आडनावे, आणि पिढ्यान्‌पिढ्या आपापसांतच जुळलेली लग्ने. १९६० च्या सुमारास या बेटावरील पाच वर्षांच्या एका मुलाचे टॉन्सिल्स शस्त्रक्रियेने काढण्यात आले. ते नुसते सुजलेले नव्हते. त्यांचा रंग नारिंगी-पिवळा होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा त्यातील पेशी चरबीच्या थेंबांनी अशा गच्च भरलेल्या दिसल्या की जणू साबणाचा फेसच.

आजचा धागा या मुलाच्या घशापासून सुरू होतो आणि हृदयाच्या धमनीतील स्नायूपेशीपाशी येऊन पोहोचतो. अंतर मोठे आहे, म्हणून थोडे सावकाश जाऊ. वाटेत धरून ठेवायचा प्रश्न एकच: पेशीच्या आत शिरलेले कोलेस्टेरॉल बाहेर कोण काढते, आणि तो काढणारा नसेल तर काय होते?

प्रथम पूर्वपीठिका. कोलेस्टेरॉल हा पदार्थ प्रथम हाती लागला तो पित्ताशयातील खड्यांमधून, अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मिशेल शेव्ह्रोल या रसायनशास्त्रज्ञाने ग्रीक भाषेतील ‘पित्त’ आणि ‘घन’ या दोन शब्दांवरून त्याला नाव दिले. १९१० मध्ये जर्मनीत आडोल्फ विंडाउस यांनी रोगट महाधमन्यांचे रासायनिक पृथक्करण करून दाखवले की त्यांत निरोगी महाधमनीच्या कित्येक पट कोलेस्टेरॉल साचलेले असते. तीनच वर्षांनी, १९१३ मध्ये, सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय आनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातले आणि त्यांच्या धमन्यांत तोच विकार निर्माण करून दाखवला. माल धमनीच्या भिंतीत साचतो, एवढे तेव्हाच कळले होते. तो तिथल्या पेशींत कसा हलतो, हे कळायला आणखी पाऊणशे वर्षे गेली.

हा माल हलवावा तरी का लागतो? इथे कोलेस्टेरॉलचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. ते पाण्यात विरघळत नाही, आणि पेशीचे अंतरंग तर मुख्यतः पाणीच. मानवी शरीरातील बहुतेक पेशींना कोलेस्टेरॉलचा सांगाडा मोडून त्याची विल्हेवाट लावता येत नाही. ते काम यकृताचे. त्यापासून पित्ताम्ले करून ते आतड्यात सोडले जाते. म्हणजे हाताच्या, पायाच्या वा धमनीच्या पेशीत एकदा हा माल उतरला की त्याला दोनच गती: साठवण किंवा बाहेरची वाट. आणि स्वतःच्या पायांनी तो कुठेच जात नाही. त्याला उचलून नेणारे हमाल लागतात. हे हमाल म्हणजे प्रथिने.

आता पुन्हा बेटाकडे. त्या मुलाची हकीकत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील डोनाल्ड फ्रेड्रिक्सन या तरुण डॉक्टरांच्या कानी आली. त्या काळी रक्तातील चरबीचा अभ्यास ही वैद्यकातील आडवाट होती आणि फ्रेड्रिक्सन त्या वाटेवरचे जाणकार. मुलाच्या बहिणीच्या घशातही तोच नारिंगी रंग आढळला. दोघांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा त्यात एचडीएल जवळजवळ नव्हतेच. मातापित्यांच्या रक्तात ते सर्वसामान्यांच्या निम्म्यावर होते. आई आणि वडील दोघांकडून एकेक बिघडलेले जनुक मुलांकडे आले, हे या आकड्यांवरूनच उघड झाले. १९६१ मध्ये फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. नाव ठेवले बेटाचे: टँजियर रोग.

कोडे मात्र मोठे विचित्र होते. रक्तात कोलेस्टेरॉल भरमसाट असते तर पेशींत ते साचणे समजण्याजोगे होते. इथे उलट! या मुलांच्या रक्तातील एकूण कोलेस्टेरॉल कमी होते, आणि तरीही टॉन्सिल्स, प्लीहा, लसीका ग्रंथी यांत त्याचे ढीग पडलेले. रक्त रिकामे आणि पेशी तुडुंब. तीन दशकांहून अधिक काळ बहुतेकांचा समज असा राहिला की दोष एचडीएलच्या कणातच असला पाहिजे. गाडीच नाही, म्हणून माल पडून राहतो. हा समज तर्काला धरून होता. तो चुकीचा होता.

त्याच १९६१ साली, टँजियरशी काडीचाही संबंध नसताना, न्यू ऑर्लिन्स येथील गीअर, मॅकगिल आणि स्ट्राँग या तिघा विकृतिशास्त्रज्ञांनी माणसाच्या रोगट धमन्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्यांना चरबीने भरलेल्या पेशींत स्नायूपेशीही दिसल्या. धमनीच्या भिंतीचा मधला थर या स्नायूपेशींचाच असतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक धमनी ताणली जाते. तिला आवळून धरणे, तिचा व्यास सांभाळणे हे त्यांचे काम. अशा कष्टकरी पेशीच्या पोटात चरबीची गाठोडी कुठून आली? १९७३ मध्ये सिअ‍ॅटल येथील रसेल रॉस आणि जॉन ग्लॉमसेट यांनी एका गाजलेल्या लेखात धमनीविकाराच्या केंद्रस्थानी याच स्नायूपेशीला बसवले: ती मधल्या थरातून आतल्या थरात सरकते, वाढते आणि चरबी गोळा करते, अशी त्यांची मांडणी होती.

या ग्लॉमसेट यांचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. १९६८ मध्ये त्यांनीच ‘उलट्या वाहतुकीची’ कल्पना पुढे आणली होती. दूरच्या पेशींतून कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे परत नेणारी एक व्यवस्था शरीरात असली पाहिजे आणि एचडीएल हे तिचे वाहन असावे, हा तो विचार. म्हणजे धमनीची स्नायूपेशी आणि माल परत नेणारी गाडी, ही दोन्ही सूत्रे एकाच माणसाच्या हातात आली होती. तरीही त्यांची गाठ पडली नाही, कारण मधला दुवा, म्हणजे माल पेशीतून गाडीपर्यंत आणणारा, अजून कुणी पाहिलाच नव्हता.

दुव्याची पहिली कडी सापडली ती पेशीच्या पुढच्या दाराशी. १९७० च्या दशकात डॅलस येथे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी रक्तातील एलडीएल कणाला पकडून पेशीत ओढून घेणारे प्रथिन शोधले. आत आलेला कण लयकारिकेत, म्हणजे लायसोसोममध्ये जातो. तिथे एक विकर कोलेस्टेरॉलला चिकटलेले मेदाम्ल तोडून त्याला मोकळे करते. १९८५ चे नोबेल पारितोषिक या जोडीला मिळाले, आणि ते सर्वथैव योग्य होते. पण लयकारिकेत मोकळे झालेले कोलेस्टेरॉल तिथून बाहेर कसे पडते, हा प्रश्न त्यांच्याही नकाशावर बराच काळ कोराच होता.

त्या कोऱ्या जागेचा पत्ता लागला एका अत्यंत क्रूर आजारातून. नीमन-पिक रोगाच्या ‘सी’ प्रकारात मुले आधी बरी असतात; मग चालताना तोल जातो, बोलणे अडखळते, शिकलेले विसरले जाते. १९८० च्या दशकात राष्ट्रीय आरोग्य संस्थेतच पीटर पेंचेव्ह यांच्या गटाने दाखवले की या मुलांच्या पेशींत कोलेस्टेरॉल येते, मोकळेही होते, परंतु लयकारिकेतच अडकून पडते. नोत्र दाम विद्यापीठाचे विख्यात फुटबॉल प्रशिक्षक आरा पार्सेगियन यांच्या तीन नातवंडांना हा रोग जडला होता. १९९४ मध्ये त्या कुटुंबाने निधी उभारून संशोधनाला गती दिली. १९९७ च्या जुलैमध्ये जनुक सापडल्याचे जाहीर झाले. पार्सेगियन यांच्या त्या तीन नातवंडांपैकी एक त्याच वर्षी गेले होते. पुढे उरलेली दोघेही वाचली नाहीत.

त्या जनुकाच्या प्रथिनाला एनपीसी-१ म्हणतात. त्याचा जोडीदार एनपीसी-२ हा २००० मध्ये सापडला. दोघांची कामाची विभागणी मोठी देखणी आहे. एनपीसी-२ लयकारिकेच्या पाणथळ अंतर्भागात तरंगत असतो. मोकळे झालेले कोलेस्टेरॉल तो आपल्या खोबणीत घेतो, पाण्याचा स्पर्श होऊ न देता भिंतीपर्यंत आणतो आणि भिंतीत रोवलेल्या एनपीसी-१ च्या हाती देतो. विहिरीवरून भरलेली घागर एकीच्या हातून दुसरीच्या हाती जावी, थेंबही न सांडता, तसे हे. एनपीसी-१ मग ते भिंतीपार करतो. तिथून पुढे काही कोलेस्टेरॉल पेशीच्या बाह्य पटलाकडे जाते आणि काही आंतर्द्रव्यजालिकेत. जालिकेत जास्तीचा माल आला तर दुसरे एक विकर त्याला पुन्हा मेदाम्ल जोडून थेंबांच्या रूपात साठवून टाकते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा ‘फेस’ बहुतांशी या थेंबांचाच.

स्नायूपेशीबाबत एक विशेष सांगितला पाहिजे. तिच्या बाह्य पटलावर असंख्य सूक्ष्म खळगे असतात. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ते प्रथम दाखवले, आणि १९९० च्या दशकात ते घडवणारे कॅव्हिओलिन हे प्रथिन ओळखले गेले. कॅव्हिओलिन कोलेस्टेरॉलला धरून ठेवते. कोलेस्टेरॉल काढून घेतले तर हे खळगे सपाट होतात. ज्याला आपण सरसकट शत्रू म्हणतो, तो पदार्थ या पेशीच्या बांधणीत असा मिसळलेला आहे. घोटाळा कोलेस्टेरॉल असण्यात नसून ते जागचे न हलण्यात आहे.

राहिले मागचे दार. सिअ‍ॅटलमध्येच जॉन ओराम हे संशोधक वर्षानुवर्षे एकच गोष्ट पाहत होते: एचडीएलचे मुख्य प्रथिन, एपोए-१, पेशींच्या सान्निध्यात ठेवले की ते पेशींतून कोलेस्टेरॉल काढून घेते. १९९५ मध्ये गॉर्डन फ्रान्सिस, रॉबर्ट नॉप आणि ओराम यांनी टँजियर रुग्णांच्या त्वचेतील पेशी घेतल्या आणि त्यांना उत्तम प्रतीचे, निरोगी एपोए-१ पुरवले. पेशींनी काहीही सोडले नाही! गाडी दारात उभी होती, माल आत होता, आणि तरी भरणी होत नव्हती. तीन दशकांहून जुना समज इथे उलटा झाला. दोष गाडीत नव्हता. दोष पेशीच्या दारात होता. टँजियरच्या मुलांच्या रक्तात एचडीएल का नव्हते, याचेही उत्तर यातच होते. रिकामे एपोए-१ रक्तात टिकत नाही, मूत्रपिंडातून झपाट्याने नाहीसे होते. पेशीने माल दिला तरच एचडीएलचा कण जन्माला येतो.

मग शर्यत लागली. १९९९ च्या ऑगस्टमध्ये ‘नेचर जेनेटिक्स’च्या एकाच अंकात तीन गटांचे लेख आले: व्हँकूव्हरचे मायकेल हेडन, रेगन्सबुर्गचे गेर्ड श्मिट्झ आणि म्युन्स्टरचे गेर्ड आसमान यांचे. ओराम यांचा सहभाग असलेला चौथा लेखही त्याच वर्षीचा. चौघांचे बोट एकाच जनुकावर होते, नवव्या गुणसूत्रावरील एबीसीए-१. गंमत म्हणजे हे जनुक नवे नव्हतेच. १९९४ मध्ये मार्सेय येथे जोव्हाना किमिनी यांच्या गटाने ते ओळखून ठेवले होते; पण मेलेल्या पेशी गिळून टाकण्याच्या कामाशी त्याचा संबंध असावा, असे तेव्हा वाटत होते. विज्ञानाच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते की किल्ली कुणाच्या तरी खुंटीवर टांगलेली असते आणि कुलूप दुसऱ्याच गावात.

एबीसीए-१ हे २,२६१ अमिनो आम्लांचे अजस्र प्रथिन आहे. ते पेशीच्या पटलात आरपार रोवलेले असते आणि पेशीची ऊर्जा खर्चून चरबीचे रेणू बाहेरच्या बाजूस ढकलते. एपोए-१ ते उचलते. हे दार कधी उघडायचे याचा निर्णयही पेशी आतल्या मालावरून घेते. लयकारिकेतून कोलेस्टेरॉल बाहेर पडले की त्याचा काही अंश किंचित बदललेल्या रूपात केंद्रकाला वर्दी देतो, आणि एबीसीए-१ अधिक बनू लागते. फ्रान्सिस यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवले की नीमन-पिक ‘सी’च्या पेशींत ही वर्दी पोहोचतच नाही, आणि म्हणून मागचे दारही उघडत नाही. असे हे दोन दुर्मीळ रोग एकाच वाटेवरचे दोन थांबे निघाले.

इथवर वाचून वाटेल, कथा संपली: दार सापडले, आता ते उघडावे. पण इतिहासाने इथे एक वाकडे वळण घेतले, आणि त्याचा संबंध आपल्या प्रत्येकाच्या घरातील रक्ततपासणीच्या कागदाशी आहे.

त्या कागदावर एचडीएलची एक ओळ असते. तिला ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणण्याची प्रथा पडली, आणि आकडा वाढवला की धमनी साफ होईल, असा विश्वास रूढ झाला. टॉर्सेट्रॅपिब नावाच्या औषधाने हा आकडा सुमारे ७२ टक्क्यांनी वाढवून दाखवला. १५ हजारांहून अधिक रुग्णांवर चाचणी सुरू झाली. डिसेंबर २००६ मध्ये ती घाईने थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू अधिक होत होते. त्या औषधाचे रक्तदाब वाढवण्यासारखे स्वतंत्र दोष होते, हे मान्य. तरी नंतरच्या त्याच जातीच्या औषधांनीही केवळ एचडीएल वाढवून फारसे काही साधले नाही. २००८ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी याहून अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवली: एबीसीए-१ चे एकच जनुक बिघडलेल्या, जन्मभर कमी एचडीएल असलेल्या माणसांत हृदयविकार अपेक्षेप्रमाणे वाढलेला नव्हता.

याचा उलगडा यकृतात आहे. उंदरांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाले की रक्तातील एचडीएलचा फार मोठा वाटा यकृताच्या एबीसीए-१ मधून येतो आणि उरलेल्यातील बराचसा आतड्यातून. धमनीच्या भिंतीतील पेशींचा त्यात वाटा नगण्य. म्हणजे कागदावरचा आकडा प्रामुख्याने यकृताची हकीकत सांगतो. धमनीतील स्नायूपेशीचे दार उघडे आहे की बंद, याबद्दल तो जवळजवळ मुका आहे. माझ्या मते या सबंध इतिहासातील सर्वांत महागडी चूक हीच: जे मोजता आले, त्यालाच आपण कारण मानून बसलो. २०११ मध्ये फिलाडेल्फियाच्या डॅनियल रेडर यांच्या गटाने एचडीएलच्या प्रमाणाऐवजी ते पेशींतून कोलेस्टेरॉल काढून घेण्यास किती समर्थ आहे, हे मोजले. हृदयविकाराशी त्या सामर्थ्याचा संबंध एचडीएलच्या आकड्यापासून स्वतंत्रपणे दिसून आला.

आता शेवटचा टप्पा, स्नायूपेशीचा. १९८० नंतर फेसाळ पेशी म्हणजे रक्तातून आलेल्या भक्षक पेशी, हे मत इतके पक्के झाले होते की स्नायूपेशी जवळपास विस्मृतीत गेली. याला ओळखण्याची पद्धतही कारणीभूत होती. ज्या खुणेने भक्षक पेशी ओळखायच्या, तीच खूण चरबी भरलेली स्नायूपेशीही अंगावर बाळगू लागते, आणि स्वतःच्या स्नायूपणाच्या खुणा टाकून देते. २००३ मध्ये एडवर्ड फिशर यांच्या गटाने उंदराच्या स्नायूपेशींना कोलेस्टेरॉल पाजून हे वेषांतर प्रयोगशाळेत घडवून दाखवले. मग, इतकी वर्षे भक्षक म्हणून मोजलेल्या पेशींपैकी मुळात स्नायूपेशी किती होत्या?

उत्तर व्हँकूव्हरहून आले, आणि ते शोधणारे होते तेच गॉर्डन फ्रान्सिस, ज्यांनी १९९५ मध्ये टँजियरच्या पेशी हाताळल्या होत्या. २०१४ मध्ये त्यांच्या गटाने माणसाच्या हृदयधमन्यांचे छेद तपासून सांगितले की फेसाळ पेशींपैकी निम्म्याच्या आसपास स्नायूपेशी आहेत, आणि ‘भक्षक’ खूण असलेल्या पेशींपैकी सुमारे ४० टक्के मुळात स्नायूवंशाच्या आहेत. त्याच छेदांत आतल्या थरातील स्नायूपेशींवर एबीसीए-१ कमी आढळले. टँजियरच्या मुलांत जे दार जन्मतःच नव्हते, ते रोगट धमनीच्या स्नायूपेशीत, कुणाही सामान्य माणसाच्या, आपोआप लहान झालेले असते. जनुक निर्दोष, रक्तातील एचडीएल ठीकठाक, आणि तरीही पेशी तुडुंब.

दार लहान का होते, याचा माग २०२१ मध्ये आणखी मागे गेला. त्याच गटाने स्नायूपेशी आणि भक्षक पेशी शेजारी ठेवून तुलना केली. एलडीएलच्या गुठळ्या गिळल्यावर लयकारिकेत मेदाम्ल तोडणारे विकर भक्षक पेशींत भरपूर असते. स्नायूपेशींत ते फारच कमी निघाले. ही पेशी धमनी आवळण्यासाठी घडलेली आहे, चरबी पचवण्यासाठी नव्हे. विकर अपुरे, म्हणून कोलेस्टेरॉल मोकळे होत नाही. मोकळे होत नाही म्हणून एनपीसी-२ आणि एनपीसी-१ यांच्या हाती काही येत नाही. त्यांच्या हाती येत नाही म्हणून केंद्रकाला वर्दी जात नाही, आणि एबीसीए-१ बनत नाही. बाहेर एपोए-१ कितीही ताटकळत उभे असो. संशोधकांनी हे विकर बाहेरून पुरवले, तेव्हा त्याच स्नायूपेशींत अडकलेला साठा सुटू लागला, एबीसीए-१ वाढले आणि पेशी कोलेस्टेरॉल बाहेर सोडू लागल्या.

हे सारे अजून काचेच्या बशीतले आहे. माणसाच्या धमनीत, तेही नेमक्या त्या पेशीपर्यंत, हे विकर कसे पोहोचवायचे, यावर हाती काही औषध नाही. एलडीएल कमी करणारी औषधे मात्र पुढच्या दारातून येणारा मालच घटवतात, आणि त्यांचा लाभ मोठमोठ्या चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलेला आहे.